गावचं किराणा दुकान : उघडायचं कसं आणि टिकवायचं कसं

(सामुदायिक रेडिओवरील महिला बचत गटांसाठीचं भाषण)



बचत गटाच्या बैठकीत धंद्याचा विषय निघाला, की शेळीपालन आणि शिलाई मशीनच्या पाठोपाठ तिसरं नाव हमखास निघतं ते किराणा दुकानाचं. घरची पुढची खोली असते, घरकाम सांभाळून बसता येतं, कुठे शिकायला जावं लागत नाही आणि तेल-मीठ तर प्रत्येकाला लागतंच. हे सगळं खरं आहे. म्हणूनच आपल्या गोंदिया जिल्ह्यात, देवरी असो, सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, गावागावांत अशी दुकानं उघडतात.

पण आणखी एक गोष्ट आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दिवाळीला उघडलेलं दुकान पोळ्यापर्यंत रिकामं होतं. फळ्यांवर चार साबणाच्या वड्या, बिस्किटाचे काही पुडे आणि धूळ. माल विकला तर गेला, मग पैसा कुठे गेला? तो तीन ठिकाणी जातो. थोडा उधारीच्या वहीत अडकतो, थोडा घरच्याच स्वयंपाकात शिजतो, आणि थोडा न खपलेल्या, मुदत संपलेल्या मालात मरतो. दुकान बंद झालं तरी गटाच्या कर्जाचा हप्ता काही बंद होत नाही. तो ताईला मजुरी करून फेडावा लागतो, आणि गटातल्या इतर बायांची बचतही धोक्यात येते. म्हणून आज हा सगळा हिशेब नीट, पहिल्यापासून बघू.

आधी गाव मोजा

दुकानाची जागा ठरवण्याआधी एक वही घ्या आणि घरं मोजा. आपल्या टोलीत किती घरं, आधीची दुकानं किती, आठवडी बाजार कोणत्या दिवशी आणि किती लांब भरतो, तालुक्याला रोज किती माणसं जातात. मग दहा-पंधरा घरी जाऊन विचारा, की महिन्याला कोणता किराणा कुठून आणता आणि किती रुपयांचा आणता.

आपला जिल्हा धानाचा. बहुतेक घरी स्वतःच्या बांधीतला तांदूळ असतो, आणि नसेल तर रेशनचा असतो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. तेव्हा तांदळाची पोती भरून ठेवली तर ती विकत घेणार कोण? गाव विकत घेतं ते तेल, साखर, चहापत्ती, मीठ, तिखट-हळद, तूर आणि चणा डाळ, पोहे, साबण, धुण्याची पावडर, बिस्किटं, माचीस. मजुरीवर जाणारी घरं रोजच्या रोज थोडं थोडं घेतात. पाच रुपयांची चहापत्ती, दहा रुपयांचं तेल, एक वडी साबण. नोकरीवाली घरं महिन्याचा माल गोंदियाहून किंवा तालुक्याहून एकदम आणतात. हे आधी कळलं, तर कोणासाठी दुकान मांडायचं ते कळतं.

आता एक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावाचे तुम्ही घाला. समजा गावात १५० घरं आहेत आणि एक घर महिन्याला सरासरी १,५०० रुपयांचा किराणा घेतं. म्हणजे गावाचा एकूण किराणा झाला २,२५,००० रुपयांचा. सगळा आपल्याकडे येणार नाही. एक तृतीयांश आला तरी ७५,००० रुपये. किराण्यात सगळं मिळून शंभरात दहा रुपये सुटतात असं धरलं, तर महिन्याला ७,५०० रुपये सुटतील. त्यातून मालाचं भाडं १,५००, लाईट ५००, उंदीर-मुंग्या, फुटतूट, पिशव्या असे ५०० वजा करा. हातात राहिले ५,०००.

याच गावात ५० घरं असती, तर विक्री २५,००० ची आणि सुटणारे पैसे २,५००. भाडं-लाईट तर तेवढंच लागणार. उरतं काय? शून्य. म्हणून लहान टोलीत किराणा हा जोडधंदा म्हणूनच करावा, पिठाच्या गिरणीसोबत किंवा शिवणकामासोबत. नुसत्या किराण्यावर कर्ज काढू नये.

भांडवल : सगळं मालात घालू नका

पैसे कुठून आणायचे? गटाचं अंतर्गत कर्ज हा पहिला मार्ग. ‘उमेद’च्या गटांना ग्रामसंघामार्फत समुदाय गुंतवणूक निधी मिळतो, माविमच्या गटांना लोकसंचालित साधन केंद्राची मदत असते. गटाचं बँकेशी जोडलेलं कर्ज असतं. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज विनातारण मिळतं.

कर्ज मिळालं, की सगळे पैसे मालात घालायची घाई होते. ती करू नका. समजा ६०,००० रुपये आहेत. १०,००० फळ्या, डबे आणि काटा यांसाठी. ३५,००० चा माल. उरलेले १५,००० खात्यात राहू द्या. पहिल्या महिन्यात कळतं, की काय खपतं आणि काय नुसतं पडून राहतं. तेव्हा खपणारा माल परत भरायला पैसे हाताशी हवेत. सगळे पैसे फळीवर बसले, तर साखर संपलेली असते, सुगंधी तेलाच्या बाटल्या उभ्या असतात आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जातं.

हप्त्याचाही हिशेब आधीच करा. ५०,००० रुपये शेकडा एक रुपया महिना व्याजानं घेतले आणि दोन वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचे ठरले, तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे २,३५४ रुपये. वरच्या ५,००० तून तो गेला, की २,६४६ उरतात. पहिली दोन वर्षं दुकान एवढंच देईल. जी ताई पहिल्याच महिन्यापासून पूर्ण घरखर्च दुकानातून काढायला बघते, ती नफा समजून भांडवलच खाते.

भाड्यात मात्र बचत करता येते. शेजारच्या दोन गावांतल्या ताईंची दुकानं असतील, तर तिघींनी मिळून एकाच दिवशी गोंदियाच्या ठोक बाजारातून माल आणा. १,५०० रुपयांचं टेम्पोभाडं तिघींत वाटलं, की प्रत्येकीला ५०० पडतात. महिन्याला हजार रुपये वाचले. शिवाय तिघींचा माल एकत्र घेतला, की ठोकवाला भावातही थोडं कमी करतो. ग्रामसंघाच्या बैठकीत हे सहज ठरवता येईल.

नफा कशात असतो

नव्या दुकानदारणीला वाटतं, की ज्या वस्तूवर जास्त सुटतं ती वस्तू चांगली. थांबा, एक उदाहरण घेऊ.

साखरेचं ५० किलोचं पोतं समजा २,१०० रुपयांना आणलं, आणि त्याला ५० रुपये भाडं पडलं. झाले २,१५०. किलो-अर्धा किलो मोजून देताना पोत्यामागे अर्धा किलो तरी घट येते, म्हणजे विकली जाते साडेएकोणपन्नास किलो. ४५ रुपये भावानं आले २,२२७ रुपये ५० पैसे. सुटले फक्त साडेसत्याहत्तर रुपये, म्हणजे शंभरामागे साडेतीन रुपयांच्या थोडं वर. आता डोक्याला लावायच्या तेलाची एक बाटली बघा. ८५ ला आणली, १०० ला विकली, सुटले १५. बाटली भारी वाटते.

पण साखरेचं पोतं आठवड्यात संपतं आणि तेच पैसे पुन्हा साखरेत घालता येतात. बाटली मात्र तीन महिने फळीवर बसते. ८५ रुपये साखरेत बारा आठवडे फिरले, तर सुमारे ३७ रुपये सुटतात. बाटलीनं तेवढ्या काळात दिले १५. पैसा किती वेळा फिरतो यावर किराणा चालतो.

याचा अर्थ फक्त साखर विका असा नाही. साखर, तेल, मीठ, चहापत्ती गिऱ्हाईक दारात आणतात, त्यांचा भाव इतरांपेक्षा महाग ठेवू नका. मसाला, खडी हळद, शेंगदाणे, पापड, रांगोळी, वह्या-पेन यांत जरा जास्त सुटतं. दोन्हींचा मेळ ठेवा. छापील किमतीच्या मालावर छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही, ‘फ्रीजचे दोन रुपये’ म्हणूनसुद्धा नाही. कमी घ्यायला मोकळीक आहे.

एखादी योजना दाखवून एजन्सीचा माणूस ‘बारा घ्या, एक फुकट’ म्हणतो. त्याला एकच विचारा, की खपलं नाही आणि मुदत संपली तर परत घ्याल का? हो म्हणाला, तर बिलावर लिहून घ्या. नाही म्हणाला, तर तीनच घ्या.

पाऊस, ओल आणि मुदत

आपल्याकडे मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत हवेत ओल असते. मिठाला पाणी सुटतं, गुळाला बुरशी येते, पोहे-रव्याला अळी लागते. जून ते सप्टेंबर माल कमी आणि वारंवार आणा. पोती जमिनीवर ठेवू नका, खाली लाकडी फळी आणि भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. चहापत्ती साबणाजवळ ठेवली, की चहाला साबणाचा वास लागतो. उंदराचं औषध, फवारणीचं औषध, फिनाईल हे खाण्याच्या मालाच्या खोलीतही नको.

नवा माल आला, की तो मागे आणि जुना पुढे. महिन्यातून एकदा प्रत्येक पुड्यावरची तारीख बघा. महिनाभरात मुदत संपणार असेल, तर तो मुद्दलात विकून टाका. मुदत संपलेला माल विकणं गुन्हा आहे, आणि गावात एखादं मूल आजारी पडलं तर दुकानाचं नाव कायमचं जातं.

कागदपत्रं थोडीच, पण हवीत

कागदांची भीती बाळगू नका. खाण्याचा माल विकणाऱ्या प्रत्येक दुकानाला अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ खाली नोंद लागते. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या दुकानाला मोठा परवाना नाही, साधी नोंदणी पुरते आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठरवली आहे. नोंदणीचा कागद दुकानात दिसेल असा लावा.

काटा वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून त्यावर शिक्का घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची ही पडताळणी दरवर्षी करायची असते. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, आणि जुलै २०२१ पासून किरकोळ दुकानदारांनाही ती मिळते. बँकेत कर्ज मागताना ती उपयोगी पडते. जीएसटीचं म्हणाल, तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या दुकानाला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी घ्यावी लागत नाही. हे अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात भरता येतात. सरकारी फी किती आणि केंद्राचे पैसे किती, हे वेगळं विचारून पावती घ्या. आणि एक लक्षात ठेवा. हे सगळे कागद जी ताई दुकान चालवणार तिच्याच नावावर काढा, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नाही.

उधारी : दुकानाचा खरा प्रश्न

आता मुद्द्यावर येऊ. गावात दुकान बुडतं ते उधारीनं. आणि गावात दुकान चालवायचं तर उधारी पूर्ण टाळताही येत नाही. हा पेच का पडतो ते आधी समजून घेऊ.

आपल्या भागात पैसा वर्षभर सारखा येत नाही. आषाढ-श्रावणात रोवणी असते. मजुरी मिळते, पण बियाणं, खत, ट्रॅक्टर यांत शेतकऱ्याचा हात रिकामा होतो. भाद्रपदात, धान अजून हिरवं असताना, घरात सगळ्यात जास्त चणचण असते. पोळा, गणपती, नवरात्र हे सणही त्याच काळात येतात. धान निघतं दिवाळीच्या आगेमागे. ते आधारभूत केंद्रावर गेलं, तरी चुकारा खात्यात यायला वेळ लागतो. मग मंडई, नातेवाईक, नाटकं, लग्नं असा खर्चाचा मोसम सुरू होतो. मोहफूल आणि तेंदूपानाचा पैसा येतो उन्हाळ्यात. म्हणजे श्रावणात दिलेली उधारी परत यायची तर मार्गशीर्ष उजाडतो. तोवर आपण ठोकवाल्याला पैसे कुठून द्यायचे?

शिवाय उधारी मागणारं माणूस परकं नसतं. जाऊ असते, शेजारीण असते, गटातलीच सखी असते. नाही म्हटलं, तर पाणवठ्यावर बोलणं बंद होतं. हो म्हटलं, तर वहीत आकडा चढतो, आणि एवढा चढला की ती लाजेनं आपल्या दुकानासमोरून जायचंच सोडते. नगद घेऊन दुसऱ्या दुकानात जाते. पैसाही गेला, गिऱ्हाईकही गेलं आणि मैत्रीणही गेली.

एक आकडा मनात कोरून ठेवा. शंभरात दहा रुपये सुटत असतील, तर बुडालेले १,००० रुपये भरून काढायला १०,००० रुपयांची विक्री करावी लागते. 

हा प्रश्न जुना आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ साली २८ कामगारांनी प्रत्येकी एक पौंड जमवून पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या विकायचं छोटं दुकान काढलं. तेही गरीबच होते. त्यांनी नियम केला, की वजन चोख, माल शुद्ध आणि व्यवहार नगद. वर्षाला जो नफा होईल तो ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटायचा. जगभरच्या ग्राहक सहकारी संस्था त्यांचंच नाव घेतात. आपल्याकडे १९४८ साली मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला, तोही त्याच सहकाराच्या वाटेनं.

आपल्याला पूर्ण नगद जमेलच असं नाही. पण उधारीला बांध घालता येतो. धानाच्या बांधीला धुरा असतो, तसा. हे नियम गटाच्या बैठकीत ठरवा, ठराव वहीत लिहा आणि दुकानात पाटी लावा :

१. एका घराला ठरलेल्या रकमेपर्यंतच उधारी. समजा ५०० रुपये. घर मोठं असो की लहान, सरपंचाचं असो की मजुराचं, मर्यादा एकच.

२. सगळी उधारी मिळून दुकानातल्या मालाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त होऊ द्यायची नाही. ३५,००० चा माल असेल, तर बाहेर जास्तीत जास्त ८,७५० रुपये. तो आकडा भरला, की ‘आता गल्ला बंद’.

३. जुनं फिटल्याशिवाय नवं नाही. 

४. प्रत्येक उधारीच्या घराला एक छोटी वही. दुकानाच्या वहीत आणि तिच्या वहीत एकाच वेळी लिहायचं आणि सही किंवा अंगठा घ्यायचा. भांडणं रकमेवरून होतात, आणि दोन वह्या असल्या की ती होत नाहीत.

५. कुरकुरे, थंड पेय, सुगंधी वस्तू यांना उधारी नाही. उधारी फक्त चुलीच्या मालाला.

नियम गटाचा असला, की दुकानातल्या ताईला वाईटपणा येत नाही. ती म्हणू शकते, ‘माझ्या हातात नाही गं, गटाचा ठराव आहे.’ 

मग ज्या घरी खरंच अडचण आहे, माणूस दवाखान्यात आहे, त्या घराचं काय? त्या घराला मदत करायचीच. ती गटाच्या पेटीतून करा. गटाचं अंतर्गत कर्ज त्यासाठीच आहे. गटानं त्या बाईला हजार रुपये कर्ज द्यावं आणि तिनं दुकानात येऊन नगद माल न्यावा. तिला तेल-मीठ मिळालं, दुकानाचं भांडवल शाबूत राहिलं, आणि परतफेडीचा हिशेब सगळ्या बायांसमोर राहिला. दहा बायांनी मिळून उचलायचं ओझं एकट्या दुकानदारणीच्या डोक्यावर टाकू नका.

चुकारा येतो तेव्हा उलटाही व्यवहार करता येतो. मुंबई ग्राहक पंचायत ही संस्था १९७५ पासून दुकान न मांडता किराणा वाटते. सभासद कुटुंबांचे छोटे संघ असतात, ते महिन्याची यादी आधी देतात आणि त्याप्रमाणे माल येतो. आपणही गटातल्या दहा-बारा घरांची महिन्याची यादी २५ तारखेपर्यंत घेऊ शकतो. तेवढा माल विकला जाणारच हे आधी कळतं, पडून राहत नाही, आणि त्या बायांना किलोमागे रुपया-दोन रुपये कमी लावता येतात. नोकरीवाली घरंही अशानं गोंदियाऐवजी आपल्याकडे वळतात.

घरचं खाणं आणि गल्ल्याची चावी

उधारी डोळ्याला दिसते. घरचं खाणं दिसत नाही. सकाळी चहाला साखर, मुलाला बिस्किट, पाहुणे आले तर पोहे, सासूबाईंना साबण. रोज चाळीस रुपयांचं गेलं, तर महिन्याला १,२०० होतात. घेऊ नका असं मी म्हणत नाही, दुकान घराला आधार द्यायलाच आहे. पण घरचंही एक खातं उघडा आणि गिऱ्हाईकासारखं लिहा. महिनाअखेरीला ते आपल्या मेहनतान्यातून वजा करा. मेहनताना ठरवून घ्या, भले तो पहिल्या वर्षी १,५०० का असेना.

गल्ल्याची चावी कोणाकडे? दुपारी ताई शेतावर गेली, की नवरा बसतो, मुलगा बसतो. त्यांनीही विक्री लिहायचीच. गल्ल्यातून पेट्रोलला शंभर काढले, तर तेही लिहायचं. मोबाईलवर पैसे घेत असाल, तर तो छापील चौकोन ताईच्या स्वतःच्या खात्याचा हवा. गिऱ्हाईकानं नुसता फोन दाखवला म्हणून माल देऊ नका, आपल्या खात्यात पैसे आल्याचा आवाज किंवा संदेश आधी बघा. आणि पैसे घेताना आपल्याला कधीही गुप्त पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला, की समजा फसवणूक आहे.

दुकान सगळ्या गटानं मिळून काढलं असेल, तर ‘आज तू बस, उद्या मी’ यावर ते चालत नाही. एकीनं किंवा दोघींनी बसावं, त्यांना ठरलेला मेहनताना मिळावा, आणि बाकीच्यांनी महिन्याला माल मोजावा. पाळीपाळीनं बसल्यावर तूट कोणाच्या वेळची हे कळत नाही, संशय सगळ्यांवर येतो, आणि दुकानाआधी गट फुटतो.

महिन्याची मोजणी

वह्या तीनच पुरतात. रोजची विक्री आणि खर्च यांची रोजवही, उधारीची वही आणि खरेदीच्या बिलांची फाईल. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकान दोन तास बंद ठेवून माल मोजा आणि खरेदीच्या भावानं किंमत लावा.

समजा महिन्याच्या सुरुवातीला माल होता ३५,००० चा. महिन्यात आणला ६२,००० चा. झाले ९७,०००. शेवटी मोजला तर उरला ३३,००० चा. म्हणजे ६४,००० चा माल गेला. नगद आणि उधार मिळून विक्री झाली ७१,००० ची. सुटले ७,०००, म्हणजे शंभराला जवळजवळ दहा. ठीक आहे. पण हेच जर ३,००० निघाले, तर चार हजारांचा माल कुठेतरी न लिहिता गेला आहे. घरात, उंदराच्या पोटात, वजनात किंवा कोणाच्या तरी हातानं. पहिल्याच महिन्यात कळलं, तर दुरुस्त करता येतं. वर्षानं कळलं, तर फळ्या रिकाम्या झालेल्या असतात.

खर्रा ठेवायचा का?

हा प्रश्न प्रत्येक दुकानासमोर येतो, म्हणून स्पष्ट बोलू. गावात सगळे सांगतात, की खर्रा ठेवा, दिवसभर गर्दी राहील. खरंही आहे, खर्रा घ्यायला आलेला माणूस माचीसही नेतो. पण महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पान मसाल्यावर बंदी आहे, आणि नंतर सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीही त्या बंदीत आली. अठरा वर्षांखालच्या मुलाला कोणताही तंबाखूचा माल विकणं गुन्हा आहे, आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तो विकता येत नाही. 

कायदा बाजूला ठेवला, तरी तोंड न उघडणारी माणसं आपण घराघरांत बघतो. ज्या खर्ऱ्यासाठी घरात रोज भांडण होतं, तो बायकांच्या दुकानात मिळावा का, हे गटानं ठरवावं. माझं मत विचाराल तर ठेवू नये. त्यानं थोडी विक्री कमी होईल हे मान्य करून त्या जागी दुसरं काय येईल ते बघा. बाईच्या दुकानात बाया आणि मुली न लाजता येतात. सॅनिटरी पॅड, टिकल्या, बांगड्या, रबर, सुई-दोरा, लहान बाळाचं सामान त्या दुसरीकडे मागायला संकोचतात. शाळा उघडली, की वह्या, पेन, खोडरबर. पोळ्याला बैलांचा साज, दिवाळीला पणत्या आणि रांगोळी. पाटाच्या कडेला, तळ्याच्या पाळीवर काम चालू असेल, तर सकाळी भाजलेले चणे, मुरमुरे आणि गुळाच्या पुड्या. यातलं पुष्कळसं आपल्या गटातच तयार होतं.

माल गावाबाहेरही जाऊ द्या

शेवटची गोष्ट. नुसता बाहेरचा माल गावात विकणारं दुकान गावातला पैसा बाहेर धाडतं. गावातला माल बाहेर विकणारं दुकान तो परत आणतं. गोंदियाला माल आणायला टेम्पो जातो तो जाताना रिकामाच जातो. त्यात चिंच, जवस, मूग, उडीद, घरची हळद, पापड, शेवया, घरच्या धानाचा निवडलेला तांदूळ का जाऊ नये? नोकरीवाल्या घरांना असा तांदूळ आणि ताजं तिखट हवंच असतं. भाव ठरवताना आपल्या बायांची मजुरी धरून ठरवा. पुड्यावर नाव, वजन, तारीख आणि किंमत नीट लिहा. तयार खाद्यपदार्थांसाठीही अन्न सुरक्षेची नोंदणी लागते, हे लक्षात असू द्या.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दुकानाचा विषय आला, की पाच गोष्टी वहीत लिहा. आपल्या गावात किती घरं आपल्याकडून घेतील? हप्ता गेल्यावर किती उरेल? उधारीची मर्यादा किती? महिन्याला माल कोण मोजणार? खात्यावर आणि कागदांवर नाव कोणाचं? या पाचांची उत्तरं लिहून झाली, की मगच कर्जाच्या अर्जावर सही करा. आणि ज्यांचं दुकान आधीच चालू आहे, त्यांनी या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोन तास दार लावून माल मोजून बघा. जो आकडा निघेल तो बैठकीत सांगा, चांगला असो की वाईट. दहा जणींनी मिळून पाहिला, की त्यावर उपाय निघतो.